दोन-तीन हजारांचे रोमन नाणे खरे असू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन नाण्यांच्या छंदावर लेख आला होता. त्यात ‘दोन-तीन हजार रुपयांत मिळणारे रोमन नाणे बनावटच समजावे’ असे सरसकट विधान आहे. नवख्यांना सावध करण्याचा हेतू चांगला आहे, पण विधान चुकीचे आहे. ते वाचून माणूस स्वस्त आणि खऱ्या नाण्यांपासून दूर राहतो आणि महाग म्हणजे अस्सल असे धरून भलत्याच वस्तूवर पैसे घालवतो. रोमन अमलातल्या इजिप्तची, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीची, तिसऱ्या शतकातली टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांची) नाणी परदेशी व्यापाऱ्यांकडे आजही वीस ते पन्नास डॉलरला मिळतात. ती खरी असतात, आणि बहुतेकांवर पाडल्याचे वर्षही असते. या भावात सालासकट वाचता येणारे दुसरे प्राचीन नाणे शोधून दाखवावे.

ती स्वस्त का, हे कळले की अर्धी शंका मिटते. इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियनने (पुढचा ऑगस्टस बादशहा) इजिप्त घेतला, पण तिथले चलन रोमच्या चलनात मिसळू दिले नाही. इजिप्तमध्ये बाहेरचे नाणे चालत नसे. आलेल्या व्यापाऱ्याने आपले सोने-चांदी मोडून स्थानिक नाणी घ्यायची आणि ती तिथेच खर्चायची. टायबेरियसने आपल्या सातव्या राज्यवर्षात, म्हणजे इ.स. २०-२१ मध्ये, हिणकस चांदीचा टेट्राड्रॅक्म सुरू केला. त्याची किंमत एका देनारियसइतकी, म्हणजे रोमच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्याइतकी, धरली जाई, चांदी मात्र त्याहून कमी असे. नीरोने ही नाणी अफाट संख्येने पाडली. त्याच्या नाण्यांत चांदी जेमतेम सहावा हिस्सा उरली. पुढे प्रत्येक अडचणीत थोडे हीण वाढत गेले, आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस टेट्राड्रॅक्म चांदीचा केवळ नावापुरता राहिला, प्रत्यक्षात तांबेच. २९६ च्या सुमारास डायोक्लेशियनने साम्राज्यभर एकच चलन केले आणि ही नाणी बाद झाली. लोकांनी मडक्यांत पुरून ठेवलेल्या राशी जिथल्या तिथे राहिल्या. आज बाजारात आहे तो माल बहुतांशी अशा निखातांतून गेल्या दीडशे वर्षांत बाहेर आलेला आहे. भरपूर पाडली, धातू हलका आणि एका झटक्यात बाद, म्हणून स्वस्त.

आपल्याकडच्या वाचकांना यातून एक उपयोगी गोष्ट समजते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे येतात. त्या व्यापारातला माल तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांतून अलेक्झांड्रियाकडे जाई. पण अलेक्झांड्रियाचा टेट्राड्रॅक्म इजिप्तच्या हद्दीबाहेर कवडीमोल असल्याने भारतात पैसा आला तो सोन्याच्या ऑरियस आणि चांदीच्या देनारियसच्या रूपाने. भारतातल्या रोमन निखातांत हीच दोन नाणी मुख्यत्वे सापडतात. तेव्हा ‘कोकणात शेत नांगरताना सापडले’ असे सांगून कोणी अलेक्झांड्रियाचे नाणे पुढे केले, तर ती कहाणी विकत घेऊ नये. कहाणी खरी निघाली तरी पंचाईतच आहे: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

आता वर्ष कसे वाचायचे ते. या नाण्यांचा खरा आनंद इथे आहे आणि फसगत टाळण्याची किल्लीही इथेच आहे. मागच्या बाजूला, आकृतीच्या शेजारी मोकळ्या जागेत, इंग्रजी ‘एल’सारखी खूण असते. तिचा अर्थ ‘वर्ष’. तिच्यापुढचे किंवा आकृतीच्या दुसऱ्या बाजूचे ग्रीक अक्षर म्हणजे राज्यवर्षाचा आकडा. अल्फा १, बीटा २, गॅमा ३, डेल्टा ४, एप्सिलॉन ५. सहासाठी स्टिग्मा नावाची खूण आहे, ती इंग्रजी ‘एस’सारखी दिसते आणि नवखा तिला हमखास अक्षर समजतो. झीटा ७, ईटा ८, थीटा ९, आयोटा १०. पुढे जोड्या: आयोटा-अल्फा ११, आयोटा-बीटा १२, वीस म्हणजे कप्पा. नवव्या वर्षी मात्र बऱ्याचदा थीटा न कोरता ‘एनातू’ हा शब्द लिहिलेला दिसतो. थीटा हे ‘थानातोस’चे, म्हणजे मृत्यूचे, आद्याक्षर असल्याने ते बादशहाच्या नाण्यावर टाळत, असे त्याचे कारण सांगितले जाते. काही नाण्यांवर ‘एल’ऐवजी ‘एतूस’ हा पूर्ण शब्द असतो. त्याला गावाचे नाव समजून भलतेच नाणे ठरवणारेही भेटतात.

झिजलेल्या नाण्यावर अल्फा आणि डेल्टा यांत घोळ होतो, कारण दोन्ही त्रिकोणी असतात. आडवी रेघ मधोमध आहे की तळाशी, हे दहापट भिंगाखाली तिरक्या उजेडात पाहावे. समोरून पडलेल्या उजेडात रेघ दिसतच नाही. या काळात एप्सिलॉन आणि सिग्मा ही दोन्ही अक्षरे अर्धचंद्रासारखी कोरलेली असतात. मधे दांडी असेल तर एप्सिलॉन, नसेल तर सिग्मा.

राज्यवर्षावरून इसवी सन काढताना लोक बादशहा गादीवर आला त्या तारखेपासून मोजतात आणि चुकतात. इजिप्तचे नवे वर्ष थॉथ महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे २९ ऑगस्टला, सुरू होई (काही वर्षी ३० ऑगस्टला). राज्यारोहणापासून त्या दिवसापर्यंतचा तुकडा, कितीही छोटा असला तरी, पहिले वर्ष. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ रोजी बादशहा झाला, त्यामुळे त्याचे पहिले वर्ष अठरा दिवसांत संपले आणि ऑगस्टअखेरीस दुसरे लागले. सोयीसाठी प्रत्येक बादशहाचा एक आकडा वहीत लिहून ठेवावा. हेड्रियनसाठी ११५, गॅलिएनससाठी २५२, दुसऱ्या क्लॉडियससाठी २६७, प्रोबससाठी २७४, डायोक्लेशियनसाठी २८३, मॅक्सिमियनसाठी २८४. त्यात नाण्यावरचे वर्ष मिळवले की ते वर्ष ज्या ऑगस्टमध्ये सुरू झाले तो सन येतो. प्रोबसचे चौथे वर्ष म्हणजे २७८ चा ऑगस्ट ते २७९ चा ऑगस्ट. कॉमोडसच्या नाण्यावर बत्तिसावे वर्ष दिसले तर दचकू नये. त्याने वडिलांची, मार्कस ऑरेलियसची, वर्षगणना तशीच पुढे चालवली.

लेखासोबत छापलेल्या छायाचित्राचा मजकूर इथेच दुरुस्त करतो. ‘क्लिओपात्राचे नाणे’ अशी ओळ त्याखाली आहे. चित्रातल्या स्त्रीच्या चेहऱ्याभोवती ‘पोप्पाइया सेबास्ते’ ही अक्षरे स्वच्छ वाचता येतात, आणि हनुवटीपुढे ‘एल’ व आयोटा आहे. म्हणजे ती नीरोची राणी पोप्पाइया, नीरोचे दहावे वर्ष. नीरो ऑक्टोबर ५४ मध्ये गादीवर आला, त्याचा आकडा ५३, म्हणून सन ६३-६४. क्लिओपात्रा त्याच्या नव्वदेक वर्षे आधी गेली. तिचा चेहरा असलेली अलेक्झांड्रियाची नाणी बहुतेक तांब्याची, मागे गरुड, आणि खूप महाग. पोप्पाइयाचे टेट्राड्रॅक्म मात्र सर्रास मिळते, आणि क्लिओपात्रा म्हणून विकले की त्याचा भाव दुप्पट होतो. फसवणूक होते ती अशा ठिकाणी. नाणे खरे असते, सांगितलेले नाव खोटे असते.

सुरुवात कुठून करावी असे विचारले तर उत्तर एकच: प्रोबस. त्याची दुसऱ्या ते सातव्या वर्षाची टेट्राड्रॅक्म विपुल आहेत. मागे बहुधा चोचीत पुष्पहार धरलेला गरुड, किंवा विजयदेवी नायकी, तराजू घेतलेली न्यायदेवी दिकाइओसिनी, सुकाणू घेतलेली भाग्यदेवी टिकी, फूल धरलेली आशादेवी एल्पिस. सहा वर्षांची सहा नाणी हे पहिले उद्दिष्ट ठेवावे. आठवे वर्ष २८२ च्या ऑगस्टअखेरीस सुरू झाले आणि त्याच शरदात प्रोबस मारला गेला, त्यामुळे ते नाणे जरा शोधावे लागते. पहिले वर्ष तर दुर्मीळच. त्यानंतर डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन ही जोडी घ्यावी. दोघांची नाणी एकाच टाकसाळीत, एकाच काळात पडत, पण मॅक्सिमियनचे वर्ष एकाने मागे असते. डायोक्लेशियनचे सातवे आणि मॅक्सिमियनचे सहावे ही एकाच वर्षाची नाणी. दोन्ही शेजारी ठेवली की ठसे कोरणाऱ्यांचे हात ओळखू येऊ लागतात.

थोडे अधिक पैसे असतील तर ऑरेलियन आणि वबल्लाथस यांचे नाणे जरूर घ्यावे. सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया हिने इजिप्त बळकावला त्या दिवसांतले हे नाणे. एका बाजूला रोमचा बादशहा, दुसऱ्या बाजूला झेनोबियाचा मुलगा, आणि दोघांची वर्षे वेगवेगळी: ऑरेलियनचे पहिले तर वबल्लाथसचे चौथे, किंवा दुसरे आणि पाचवे. सन २७० ते २७२ मधले ते अवघडलेले राजकारण नाण्याच्या दोन बाजूंवर जसेच्या तसे आहे. खुद्द झेनोबियाच्या नावाचे नाणे मात्र फार महाग आणि बनावटांनी ग्रासलेले. तिकडे फिरकू नये.

दर्शनी बाजूवर बादशहाचे नाव ग्रीकमध्ये गोलाकार असते. सुरुवात अल्फा-कप्पा किंवा अल्फा-अप्सिलॉन-टाउ-कप्पा अशी, म्हणजे ‘ऑटोक्रेटर कैसर’चे संक्षेप, आणि शेवट ‘सेब’, म्हणजे सेबास्तोस (‘ऑगस्टस’ या पदवीचे ग्रीक रूप). नाव या दोन्हींच्या मधे. सगळी अक्षरे क्वचितच उमटलेली असतात, कारण चकती ठशापेक्षा लहान. ‘प्रोबोस’ची मधली तीन अक्षरे दिसली तरी ओळख पटते.

वजन-मापाचे आकडे पाठ असावेत. पहिल्या शतकातले टेट्राड्रॅक्म साधारण २४-२५ मिलिमीटर रुंद आणि १२-१३ ग्रॅम. तिसऱ्या शतकाच्या अखेरचे १८ ते २० मिलिमीटर, ७ ते ८ ग्रॅम, पण बऱ्यापैकी जाड. एकेक नाणे यापेक्षा ग्रॅमभर इकडेतिकडे असू शकते. दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि कॅलिपर, एवढ्यावर काम भागते. कड तिरपी असणे, तिला ठोक्याने पडलेल्या एक-दोन चिरा असणे ही खऱ्या नाण्याची लक्षणे आहेत. चिरेमुळे नाणे नाकारणारे लोक पाहिले की हसू येते. आणखी एक खूण: अलेक्झांड्रियात दोन्ही ठसे बहुधा एकाच दिशेने लावलेले असत. पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे उलटले की मागची आकृतीही सरळ दिसते. वीस नाण्यांच्या लॉटमध्ये एखादेच आडवे-उलटे निघाले तर ते बाजूला काढून बारकाईने तपासावे.

ओतीव नकली नाण्याच्या कडेला साच्याचा सांधा किंवा तो कानशीने घासल्याच्या समांतर रेघा असतात. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, आणि अक्षरांच्या आत गोल बुडबुड्यांचे खळगे दिसतात. मातीत खाल्लेल्या खऱ्या नाण्याचे खळगे वेडेवाकडे असतात आणि उंच भागांनाही सोडत नाहीत. दोन नाण्यांवर खळगा अगदी त्याच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातली. तिसऱ्या शतकातल्या स्वस्त नाण्यांची नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नाही, म्हणून ती तुलनेने सुरक्षित. धोका आहे तो मोठ्या तांब्याच्या ड्रॅक्म नाण्यांत. ट्रेजनपासून अँटोनायनस पायसपर्यंतची ही ३३-३५ मिलिमीटरची नाणी देखणी असतात. अँटोनायनसच्या आठव्या वर्षाची, म्हणजे १४४-४५ ची, राशीचक्राची मालिका तर प्रसिद्धच आहे. पण ती बहुतेक फार झिजलेली मिळतात, आणि मग कोणी तरी कोरणीने चेहरा, केस, रथाचे घोडे ‘उठावदार’ करून ठेवतो. नाण्याची पार्श्वभूमी खरवडून सपाट केलेली आणि आकृतीच्या भोवती बारीक खाच दिसली, तर नाणे खरे असले तरी त्यावरचे चित्र आजचे आहे. त्याला चित्राचे पैसे देऊ नयेत.

इजिप्तच्या सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता बरीच आहे, म्हणून हेही लिहितो. लक्झर-कैरोत देवळाबाहेर ‘शेतात सापडलेली’ नाणी दाखवणारे भेटतात. ती जवळजवळ सर्व ओतीव नकला असतात. एखादे खरे निघालेच तर काम आणखी बिघडते, कारण १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमध्ये पुरावस्तूंचा व्यापार आणि देशाबाहेर नेणे बंद आहे. दोन्हीकडून नुकसान. नाणे घ्यावे ते नोंदणीकृत परदेशी व्यापाऱ्याकडून किंवा लिलावगृहाकडून, ज्याने बिल दिले आहे आणि नाणे आधी कोणत्या संग्रहात किंवा लिलावात होते ते लिहिले आहे. जुन्या संग्रहाचे हाताने लिहिलेले पाकीट सोबत आले तर ते नाण्याइतकेच जपावे. वर्णनात ‘दत्तारी’ किंवा ‘मिल्न’ असा क्रमांक असतो. दत्तारी हे कैरोतले इटालियन संग्राहक, त्यांची सूची १९०१ ची; मिल्न यांची ऑक्सफर्डच्या संग्रहाची १९३३ ची. तो क्रमांक आणि वर्ष ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’च्या विनामूल्य ऑनलाइन सूचीत पडताळावे. मागचे चित्र आणि वर्ष यांची जोडी सूचीत सापडली नाही, तर आधी आपले वाचन पुन्हा तपासावे, मग नाण्यावर संशय घ्यावा. दुर्मीळ नाणे सापडल्याचा आनंद सर्वांत शेवटी.

परदेशातून मागवताना आपल्या कायद्यातली एक अडचण कोणी सांगत नाही. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष निर्यात करता येत नाही. नाणे मूळ कोणत्या देशाचे, असा भेद त्या व्याख्येत नाही. म्हणजे ‘पसंत न पडल्यास चौदा दिवसांत परत’ ही विक्रेत्याची हमी आपल्या फारशी कामाची नाही. म्हणून शंका काय त्या पैसे भरण्याआधी विचाराव्यात, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे मागवावीत. पाकिटावर वर्णन आणि किंमत खरी लिहायला सांगावी. किंमत कमी दाखवलेले टपाल सीमाशुल्क विभागात अडकले की सोडवताना नाण्याहून जास्त खर्च होतो.

नाणे घरी आल्यावर पहिली चूक म्हणजे घासणे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्याची भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नये. अखेरच्या काळातल्या नाण्यांवर चांदीचा अंश असलाच तर तो वरच्या पातळ थरात असतो, आणि अक्षरेही पुष्कळदा धातूऐवजी त्या काळसर थरातच शाबूत असतात. आम्लाने तो थर गेला की हाती खडबडीत गुलाबी चकती उरते. माती निघत नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडाभर भिजवून, भिंगाखाली, लाकडी टूथपिकने हळूहळू काढावी. एवढेच.

खरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. मातीतून नाण्यात शिरलेले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याबरोबर पुन्हा काम सुरू करतात आणि धातू आतून खात जातात. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. नेहमीचा हिरवा थर कठीण आणि गडद असतो. हा रोग फिकट हिरव्या भुकटीसारखा असतो, टूथपिकने लगेच झडतो आणि काही दिवसांत त्याच जागी परत येतो. असे नाणे ताबडतोब वेगळे करावे. भुकटी खरवडून काढावी, नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवावे, पाणी पहिला आठवडा रोज आणि मग आठवड्याने बदलावे, असे निदान महिनाभर. नळाचे पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असते. मग अॅसिटोनमध्ये बुडवून काढावे, अॅसिटोन उडून गेल्यावर विजेच्या दिव्याच्या सौम्य उष्णतेत पूर्ण वाळवावे आणि महिनाभर नजरेखाली ठेवावे. पुन्हा भुकटी दिसली तर पुन्हा तेच. बेंझोट्रायझोल हे रसायन संग्रहालयांत वापरतात, पण ते विषारी आहे. घरच्या स्वयंपाकघरात त्याचा प्रयोग नको.

साठवणीसाठी घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत नारिंगी सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती उघड्यावर ऐंशीच्या वर असते. जेल हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये पीव्हीसी असते. वर्षा-दोन वर्षांत त्यातून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. मायलरची, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मची, पाकिटे घ्यावीत. प्लायवूडच्या कपाटातल्या गोंदाची वाफही तांब्याला वाईट, तेव्हा डबा लोखंडी कपाटात ठेवलेला बरा. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी असावी: बादशहा, राज्यवर्ष, इसवी सन, मागचे चित्र, वजन, व्यास, कोणाकडून आणि कधी घेतले, किती रुपयांना. सगळ्या नोंदी पेन्सिलने कराव्यात, कारण बॉलपेनची शाई पावसाळ्यात फुटते.

छायाचित्राखालची ओळ तेवढी पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक नाणेसंग्राहक, ठाणे